गाडीची नाडी : वेग मोजणाऱ्या सेन्सरचा दोष कसा ओळखावा

क्लचचे पेडल नसलेली, आपले गिअर आपणच बदलणारी मोटारगाडी ही आता मुंबई-पुण्याची चैन राहिलेली नाही. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ बाजारात आली आणि बेताच्या किमतीच्या गाडीतही ही सोय असू शकते हे लोकांनी पाहिले. त्यानंतर इतर कारखान्यांनीही तोच रस्ता धरला. त्या वेळच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत. आमच्या पवनीच्या बाजारात, अड्याळला, आसगावला, कोंढ्याला अशा गाड्या उभ्या दिसतात. कोणी शिक्षकाने घेतलेली असते, कोणी धानाच्या चुकाऱ्यातून घेतलेली असते. गाडी चांगली चालते तोवर सगळे ठीक. एक दिवस मात्र ती गिअर बदलेनाशी होते आणि मग मालकाच्या पोटात गोळा येतो.

तो गोळा येण्याचे कारण साधे आहे. गाडी दाखवायला बहुतेकांना नागपूर गाठावे लागते. पवनीहून भिवापूर, उमरेड करीत नागपूर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. तिथवर गाडी दुसऱ्या वाहनावर लादून न्यायची म्हणजे सुरुवातीलाच काही हजार गेले. आणि तिथे कोणी सांगितले, "साहेब, गिअरबॉक्स गेला", तर तो आकडा ऐकून माणूस गाडी विकायला निघतो. असे सांगणारा दर वेळी लबाडच असतो असे मी म्हणणार नाही. पण गिअरबॉक्स खरोखर गेलेला असणे आणि गिअरबॉक्सला वेग कळेनासा झालेला असणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. पहिलीचा खर्च पाऊण लाख, लाख. दुसरीचा बहुधा हजार-दोन हजार, आणि कधी तर फक्त एक तार जोडण्याची मजुरी. हा फरक कसा ओळखावा एवढेच आज सांगायचे आहे. मी गणिताचा अध्यापक आहे, मोटारीचा मिस्त्री नव्हे. पण हा प्रश्न हत्याराइतकाच तर्काचाही आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

आधी जुन्या गाडीकडे पाहू. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आठवा. तिच्या गिअरबॉक्सपासून वेग दाखवणाऱ्या तबकडीपर्यंत एक लवचीक तार जात असे. गिअरबॉक्सचा दांडा फिरला की तार फिरे, तारेच्या टोकाचे लोहचुंबक फिरे, आणि त्याच्या भोवतीची अॅल्युमिनियमची वाटी त्याच्या ओढीने थोडी कलत असे. वाटीला काटा जोडलेला आणि काट्याला मागे ओढणारी बारीक कमान. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले, आणि पुढे ऐंशी-नव्वद वर्षे जगभरच्या गाड्यांत तीच चालली. ही तार तुटली तर काय होई? काटा शून्यावर पडे. बस्स. गाडी पूर्वीसारखीच पळे, कारण गिअर बदलणारा हात माणसाचा होता आणि त्या माणसाला वेग कानांनी कळत होता.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत हा कान गिअरबॉक्सलाच असावा लागतो. अमेरिकेत १९३९ साली जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स आणला, तेव्हा त्यात वीज नव्हती. फिरणाऱ्या दांड्यावर वजने बसवलेली असत. जत्रेतला पाळणा जोरात फिरला की खुर्च्या जशा बाहेर फाकतात, तशी ती वजने वेगाबरोबर बाहेर फाकत आणि तेलाचा दाब वाढवीत. दाब ठरावीक हद्दीपुढे गेला की वरचा गिअर पडे. आज वजनांच्या जागी सेन्सर आला आणि दाबाच्या जागी संगणक. सेन्सर वेग सांगतो, पायाखालचे पेडल किती दाबले आहे तेही संगणकाला कळते, आणि या दोहोंवरून तो कोणता गिअर हवा ते ठरवतो.

हा सेन्सर वेग सांगतो तरी कसा? शिक्षक मंडळींनी ही गोष्ट वर्गात अवश्य दाखवावी. मुले सायकलच्या चाकाजवळ पत्त्याचे पान असे बांधतात की फिरताना आऱ्या त्याला लागत जातात आणि फट-फट आवाज येतो. सायकल जोरात गेली की फटफट दाट होते. डोळे मिटून बसलेला मुलगाही त्या आवाजावरून सायकलचा वेग सांगेल. सेन्सरचे काम नेमके हेच. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर एक दातेरी कडे असते, प्रत्येक दाता सेन्सरच्या टोकासमोरून गेला की विजेचा एक ठोका तयार होतो, आणि संगणक ते ठोके मोजतो.

थोडा हिशेब करू. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे १.८ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ५५५ फेरे घेते, सेकंदाला नऊहून थोडे अधिक. चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्याला समजा ४८ दाते आहेत; तर सेकंदाला सुमारे ४४४ ठोके पडतील. ठोके २२२ झाले की संगणक म्हणेल वेग ३०. यातूनच आणखी एक गोष्ट सहज कळते. कोणी हौसेने मोठ्या घेराचे टायर बसवले तर प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, ठोके मात्र तेवढेच पडतात, आणि काटा खऱ्याहून कमी वेग दाखवतो. तो सेन्सरचा दोष नव्हे, मालकाच्या हौसेचा आहे.

ठोका तयार करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली सायकलच्या डायनामोच्या जातीची. चुंबकाभोवती तारेचे वेटोळे, आणि समोरून लोखंडाचा दाता गेला की वेटोळ्यात वीज उपजते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलाच हा प्रकार. डायनामोचा दिवा सायकल थांबली की विझतो, हळू चालली की मिणमिणतो. तसेच या सेन्सरचे आहे. गाडी अगदी रांगत असेल तर त्याचा ठोका इतका दुबळा असतो की तो संगणकापर्यंत पोचतही नाही. याला दोन तारा असतात. दुसरी रीत हॉलची. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ साली पाहिले की वीज वाहणाऱ्या पातळ सोन्याच्या वर्खावर चुंबक धरला तर आडव्या दिशेलाही थोडा विद्युतदाब दिसतो. या रीतीच्या सेन्सरला बाहेरून वीज पुरवावी लागते, म्हणून गिअरबॉक्सवरच्या अशा सेन्सरला बहुधा तीन तारा असतात : एक पुरवठ्याची, एक अर्थिंगची, एक निरोपाची. त्याचा ठोका कमी वेगालाही स्वच्छ असतो.

आता आजाराची लक्षणे. वेगाचा काटा मेल्यासारखा पडून राहतो, किंवा चालत्या गाडीत ६० वरून एकदम शून्यावर येऊन पुन्हा वर उडी घेतो. किलोमीटरचा आकडा पुढे सरकत नाही. गिअर उशिरा पडतो आणि पडताना धक्का बसतो. आणि सर्वांत घाबरवणारे लक्षण म्हणजे गाडी एकाच मधल्या गिअरवर अडकते, जागेवरून उठताना म्हशीसारखी जड उठते, आणि ताशी ४०-५० च्या पुढे इंजिन नुसते ओरडते.

हे शेवटचे लक्षण मात्र बिघाड नसून सावधगिरी आहे, हे समजून घ्यावे. संगणकाच्या जागी आपण असतो तर काय केले असते? गाडी ८० ने पळते आहे आणि सेन्सर सांगतो वेग शून्य. त्यावर विश्वास ठेवून पहिला गिअर टाकला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरेल, चाके एकदम अडतील. म्हणून निरोपावर भरवसा उरला नाही की संगणक बहुतेक गाड्यांत एक मधला गिअर धरून बसतो, म्हणजे लंगडत का होईना, पण घरी पोचता यावे. निरोप खोटा आहे हे त्याला कळते तेही तर्कानेच. इंजिन २५०० फेऱ्यांनी फिरते आहे, गिअर पडलेला आहे, पेडल दाबलेले आहे आणि तरी वेग शून्य, हे शक्य नाही. मग तो तबकडीवर पिवळा दिवा लावतो आणि दोषाचा क्रमांक स्मरणात नोंदवून ठेवतो.

हा क्रमांक वाचणे ही तपासाची पहिली पायरी. प्रदूषणाच्या नियमांमुळे अलीकडच्या सर्व गाड्यांना चालकाच्या पायाजवळ एक जोडणी असते. तिला काडेपेटीएवढे यंत्र लावून मोबाइलवर क्रमांक वाचता येतो. पी ०५०० हा क्रमांक गाडीच्या वेगाच्या सेन्सरसंबंधी. ०५०१ म्हणजे निरोप येतो पण पटत नाही, ०५०२ म्हणजे फार दुबळा, ०५०३ म्हणजे मधूनमधून तुटणारा. पी ०७२० पासूनचे काही क्रमांक गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या दांड्याच्या सेन्सरचे, आणि ०७१५ आत येणाऱ्या दांड्याचा. स्वस्त यंत्रे पुष्कळदा इंजिनचेच क्रमांक वाचतात, गिअरबॉक्सचे वा ब्रेकचे वाचत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. आणि क्रमांक पुसण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावा. क्रमांक पुसून "झाली दुरुस्त" म्हणणारा मिस्त्री मिळाला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ०५०० क्रमांक आला म्हणजे सेन्सर खराब झाला असे नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की वेगाचा निरोप संगणकापर्यंत पोचत नाही. पत्र मिळाले नाही तर लिहिणाऱ्याने लिहिलेच नसेल, किंवा वाटेत हरवले असेल, किंवा वाचणाऱ्यानेच वाचले नसेल. तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

वाचणाऱ्यापासून सुरुवात करू, कारण ती फुकट आहे. मोबाइलवर यंत्राकडून येणारा चालू वेग लावा, दुसऱ्या मोबाइलवर उपग्रहाच्या साहाय्याने मिळणारा वेग लावा, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा. आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत. चालकाने फक्त रस्ता पाहावा. आता बघा : यंत्र ४० दाखवते, उपग्रह ४० दाखवतो, आणि काटा शून्यावर आहे, तर सेन्सर निर्दोष आहे, दोष तबकडीत. यंत्रही शून्य आणि काटाही शून्य, तर दोष सेन्सरात किंवा तारेत. दोन्ही मिळून उड्या मारतात, तर कुठे तरी सांधा ढिला. आणि तिन्ही आकडे जुळतात, फक्त पेडल दाबल्यावर इंजिनचे फेरे चढतात आणि वेग चढत नाही, तर मात्र सेन्सरचा विचार सोडावा. गिअरबॉक्स आतून घसरतो आहे, तेल आणि क्लच पाहावे लागतील. काटा उपग्रहापेक्षा दोन-चार किलोमीटर जास्त दाखवतो यात काही वावगे नाही. कारखाने तो मुद्दाम तसाच ठेवतात.

पुढची पायरी डोळ्यांची. आपल्या झाडीपट्टीत या पायरीवरच अर्धे आजार सापडावेत असे आपले रस्ते आणि आपली घरे आहेत. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरी रस्त्यावर येतो, तिथून गाडीच्या पोटाला लागतो आणि जोडणीच्या फटीत जाऊन बसतो. पाणी शिरले की पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो. आणि दुसरा शत्रू उंदीर. गाडी तणसाच्या ढिगाशेजारी किंवा धानाच्या कोठाराशेजारी उभी असली की रात्री तो इंजिनच्या उबेला येतो आणि तारांचे प्लॅस्टिक कुरतडतो. आमच्या एका शिक्षक मित्राच्या गाडीला शहरातल्या एका कारखान्याने गिअरबॉक्स बदलण्याचा अंदाज काढून दिला होता. गावातल्या मिस्त्रीने गाडीखाली बॅटरी धरून पाहिले, तर जोडणीपासून चार बोटांवर निरोपाची तार कुरतडलेली. आतला तांब्याचा एकच धागा शिल्लक होता. गाडी सरळ रस्त्यावर ठीक चाले आणि खड्ड्यात गचका बसला की काटा पडे, तो याच धाग्यामुळे.

म्हणून जोडणी काढून पाहावी, पुसावी, पुन्हा घट्ट बसवावी. इंजिन चालू असताना हे करू नये आणि गिअरबॉक्स तापलेला असताना तर नाहीच. मग एका बोल्टचा सेन्सर असेल तर बोल्ट काढून तो हलकेच बाहेर घ्यावा. टोकावर काळसर मऊ लेप दिसला तर तो लोखंडाचा बारीक कीस. चुंबक असल्याने तो तिथे जमतो आणि ठोके बोथट करतो. पुसून टाकावा. लेप बोटावर पिठासारखा लागला तर ती साधारण झीज आहे. पण त्यात डोळ्यांना दिसणारे कण वा तुकडे असले तर गिअरबॉक्सच्या आतच काही तुटले आहे, आणि तेव्हा नागपूरला जाण्यावाचून गत्यंतर नाही. परत बसवताना रबरी कडी नवी घालावी, नाहीतर तेल गळेल. काही गाड्यांत सेन्सरच्या टोकाला प्लॅस्टिकचे लहान दातेरी चाक असते. त्याचे दाते झिजले की ठोके चुकतात.

इतके करूनही दोष राहिला तर मीटर हाती घ्यायचा. पाचसहाशे रुपयांचा मीटर पुरतो, आणि तो शाळेच्या प्रयोगशाळेत असतोच. गिअरबॉक्सवरचा दोन तारांचा वेटोळ्याचा सेन्सर असेल तर जोडणी सोडवून दोन टोकांमधला रोध मोजावा. तो काही शे ओमपासून दोन-अडीच हजार ओमपर्यंत असतो; नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. मीटर अनंत दाखवतो तर आतले वेटोळे तुटले, शून्य दाखवतो तर ते आपसात चिकटले. मग मीटर प्रत्यावर्ती दाबावर लावून चाक हाताने फिरवावे. फिरवण्याच्या जोराप्रमाणे आकडा वरखाली झाला पाहिजे.

तीन तारांच्या सेन्सरचा रोध मोजत बसू नये, त्यातून काही कळत नाही. त्याला आधी जेवण मिळते का ते पाहावे. चावी चालू, इंजिन बंद, जोडणी सोडवलेली. पुरवठ्याच्या टोकाला ५ किंवा १२ व्होल्ट यायला हवेत आणि अर्थिंग पक्की हवी. हे नसेल तर सेन्सर उपाशी आहे, त्याला बदलून काय होणार? फ्यूज आणि तार शोधावी. हे असेल तर जोडणी परत लावून, मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून निरोपाची तार मोजावी. तारेच्या प्लॅस्टिकला टाचणीने भोक पाडू नये. पुढच्या पावसाळ्यात त्याच भोकातून गंज शिरतो. चाक अगदी सावकाश फिरवले की आकडा वर-खाली, वर-खाली झाला पाहिजे. एकाच जागी थांबून राहिला तर सेन्सर किंवा त्याच्या समोरचे दातेरी कडे दोषी.

चाक फिरवण्याविषयी एक बारकावा आहे, आणि त्यात पुष्कळ लोक फसतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची दोन्ही पुढची चाके उचलून एक चाक फिरवले तर दुसरे उलट दिशेने फिरते आणि मधला दांडा जागचा हलतही नाही. सेन्सर चांगला असून ठोका येत नाही, आणि नवा विनाकारण आणला जातो. म्हणून एकच चाक उचलावे, दुसरे जमिनीवर असू द्यावे, गिअर न्यूट्रलवर ठेवावा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि गाडी नुसत्या जॅकवर नव्हे तर भक्कम आधारावर. गाडीखाली हात घालायचा आहे, हे विसरू नये.

नव्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांपैकी पुष्कळांत गिअरबॉक्सवर हा वेगळा सेन्सर नसतोच. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी चारही चाकांना सेन्सर असतात, त्यांवरूनच वेग काढून तो सर्व संगणकांना वाटला जातो. २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींत ८० च्या पुढे जो टुंग-टुंग इशारा वाजतो, तोही याच वेगावर चालतो. अशा गाडीत एबीएसचा दिवा आणि मेलेला काटा एकदम दिसले तर चाकांकडे वळावे. इथे मात्र दोन तारा दिसल्या म्हणून वेटोळ्याचा सेन्सर समजू नये; चाकांवरचे अलीकडचे सेन्सर दोन तारांचे असूनही बहुधा पुरवठ्यावर चालणारे असतात. त्यांचा रोध मोजू नये. यंत्रावर चारही चाकांचे वेग शेजारी-शेजारी लावावे आणि कोणते चाक इतरांशी जुळत नाही ते पाहावे.

त्याच चाकाची बेअरिंग नुकतीच बदलली असेल तर आणखी एक शक्यता. हल्लीच्या कित्येक बेअरिंगांत दातेरी कड्याऐवजी एका बाजूच्या सीलवर चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. बेअरिंग उलटी ठोकली गेली तर चाक सुरेख फिरते, आवाज नाही, काही नाही, आणि वेगाचा निरोप मात्र बंद. बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना हलकी टाचणी लावून पाहावी. जिथे ती चिकटते ती पट्टीची बाजू.

शेवटी तार. सेन्सरच्या जोडणीपासून संगणकाच्या जोडणीपर्यंत तार अखंड आहे का हे मीटरने पाहावे, आणि मीटर लावलेला असतानाच तार जागोजागी हलवावी, वाकवावी. मघाशी सांगितलेल्या एका धाग्यासारखा दोष स्थिर तारेत दिसत नाही, हलवल्यावर दिसतो. तारही धड आहे, पुरवठाही आहे आणि ठोका नाही, असे ठरले तरच नवा सेन्सर आणावा. आणताना जुन्यावरचा क्रमांक दुकानदाराला दाखवावा. दिसायला सारखे पण आतून वेगळे सेन्सर पुष्कळ असतात. बसवल्यावर दोषाचा क्रमांक पुसून पवनी-भंडारा रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी मारावी आणि परत येऊन यंत्र पुन्हा लावून पाहावे. काही गाड्यांचा गिअरबॉक्स एवढ्या फेरीत पुन्हा सुरळीत होतो, काहींना कंपनीच्या यंत्राने नव्याने शिकवावे लागते.